गोजरबाई आणि उलटा पंखा

गोजरबाईला प्रश्न पडायचे. प्रश्न सगळ्यांनाच पडतात, पण बाकीचे ते गिळून पुढे चालू लागतात. गोजरबाई विचारून मोकळी व्हायची. एसटीत बसली की कंडक्टरला, "भाऊ, हे घंटीची दोरी तुटली त डायवरले कसं समजते?" लग्नात अक्षता टाकता टाकता थेट भटजींना, "महाराज, तुमी सावधान सावधान म्हणता, पण कोणापासून ते काऊन नाही सांगत?" वरवट बकालच्या बाजारात तिच्याकडून अर्धा किलो वांगी घेणारा माणूस घरात किती जण जेवतात, सून कुठली, तिला भरीत जमतं की नाही, एवढं सांगूनच पिशवी उचलायचा. एकदा तर एका गिऱ्हाइकानं लांबूनच ओरडून सांगितलं होतं, "पाच माणसं, सून जळगाव जामोदची, भरीत जमते! आता वांगे द्या!"

तिचे यजमान भगवंतराव म्हणजे ह्याच्या अगदी उलट. त्यांचं बोलणं दोन शब्दांत आटपायचं. जेवण झालं की "बरं होतं." पाऊस आला की "आला." सोयाबीन भिजलं की "भिजलं." दोघांचा संसार बरा चालला होता, कारण घरातले सगळे प्रश्न एकाकडे होते आणि दुसऱ्याकडे उत्तरांची घाई नव्हती.

त्यांचं वावर गावाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला. निम्म्यात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, निम्म्यात हरभरा. हरभऱ्याला घाटे धरले की डोंगराकडून रोही, म्हणजे नीलगाई, उतरायचे. घोड्याएवढं जनावर, गाईसारखं तोंड, आणि भूक दोघांची मिळून. त्यांना हाकलायला भगवंतरावांनी बाजारातून बॅटरीवर चालणारा भोंगा आणला होता. आत मेमरी कार्ड घालायचं, मचाणाला बांधायचा, की दिवसभर तो ओरडत राहतो. सोबत आलेल्या कार्डात कुठल्याशा गावचा एक माणूस होता, "हाऽऽट! हाऽऽट! हुर्ऽऽर!" आणि त्याच्या मागोमाग एक वाघ. रोही चार दिवस घाबरले. पाचव्या दिवशी वाघ डरकाळी फोडतोय आणि रोही त्याच्याकडे पाठ करून घाटे खातायत, असं चित्र भगवंतरावांनी पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "खातात."

तेव्हा रेवती घरी आलेली होती. ही त्यांची एकुलती एक मुलगी, अकोल्याला एका दवाखान्यात नर्स. तिनं तिच्या जुन्या फोनमधलं कार्ड काढून दिलं. "हे लावा बाबा. ह्याच्यानं आमची होस्टेलची वॉर्डन पळाली होती, रोही काय चीज हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतरावांनी कार्ड घातलं आणि बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग कोणीतरी पत्र्यावरून लोखंडी पलंग ओढत नेल्यासारखं, खर्रऽऽऽऽ! मग ढब्, ढब्, ढबाढब्. आणि मग एक माणूस असा ओरडला की मचाणावरची गोजरबाई उभीच राहिली. खाली रोह्यांनी माना वर केल्या, एकमेकांकडे पाहिलं आणि शेपट्या उंचावून जे सुटले ते दुसऱ्याच्या वावरातून थेट नाल्यापार.

"पळाले," भगवंतराव म्हणाले.

"ते पळाले, ते दिसलं मले," गोजरबाई म्हणाली. "पण ह्या माणसाले काय झालं? काऊन ओरडून राह्यला हा?"

"माहीत नाही."

इथून सुरुवात झाली.

राखणीला बसायचं काम गोजरबाईचंच. मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिनं सगळं कार्ड ऐकलं. पहिले दोन दिवस तिला नुसती मारामारी ऐकू आली. तिसऱ्या दिवशी त्या मारामारीत माणसं वेगळी दिसायला लागली. एक पलंग ओढणारा. एक ढबढब करणारा; हा नुसता मारत नाही, मारायच्या आधी जरा थांबतो, हे तिच्या लक्षात आलं. आणि तळाशी एक तिसराच कोणीतरी घुमत होता, विहिरीतल्या मोटारीसारखा, हम्म्म्-हम्म्म्. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसणार, पण तो थांबला की बाकीच्यांची चाल बिघडते. तिनं रेवतीला फोन लावला. "हा मोटारवाला कोण हाये?"

"कोण मोटारवाला?"

गोजरबाईनं फोनवर मोटार वाजवून दाखवली. रेवती हसत सुटली. "त्याले बेस म्हणतात आई. बेस गिटार. अन् त्या लोकाईच्या बँडचं नाव 'उलटा पंखा' हाये."

"उलटा काऊन? सरका फिरला त काय होते?"

"ते मले काय माहीत!"

त्या कार्डात एक गाणं होतं, मराठीतच, फक्त ओरडण्यात झाकलेलं. ते गोजरबाईनं हळूहळू सोलून काढलं. तो माणूस म्हणत होता, दार उघडंच आहे, आत मीच नाही.

"मंग कुठी गेला बाप्पा?" गोजरबाईनं भोंग्याला विचारलं.

भोंग्यातला माणूस उत्तर द्यायचं सोडून तेच वाक्य आणखी मोठ्यानं म्हणाला. मग आणखी मोठ्यानं. ही सवय तिला ओळखीची होती, तिचा थोरला भाऊ असाच होता. पण भाऊ खोटा पडला की ओरडायचा. हा तसा वाटत नव्हता. ह्याला खरंच ठाऊक नसावं आपण कुठे गेलो ते, आणि म्हणून तो ओरडून शोधत असावा, असं तिला वाटलं. मग तिनं ते गाणं पुन्हा लावलं.

शेजारच्या वावरातली सिंधूताई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. कोणतीही गोष्ट सांगितली की त्याच क्षणी निकाल देणारी. तिला गोजरबाईनं विचारलं, "सिंधे, माणूस दार उघडं टाकून कुठी जाते?"

"बायकोनं सांभार आणाले धाडलं असंन."

"मंग इतका काऊन रडते?"

"पिशवी इसरला असंन."

गोजरबाईला हे पटलं नाही. तिनं ते भगवंतरावांना विचारलं, बाजारात वांगी घेणाऱ्या शाळामास्तरांना विचारलं, दूधवाल्याला विचारलं. मास्तर म्हणाले, "हे आत्म्याबद्दल असावं." दूधवाला म्हणाला, "चोर असंन." प्रत्येकाचं उत्तर घेऊन ती मचाणावर चढायची, गाणं लावायची, उत्तर त्यात बसवून पाहायची आणि नाही बसत म्हणून उतरायची.

पुढे रोह्यांनाही सवय झाली. एका संध्याकाळी भगवंतरावांनी पाहिलं, भोंगा गर्जतोय, खाली सहा-सात रोही शांतपणे चरतायत आणि वर त्यांची बायको जुडी बांधता बांधता ढबढबवाल्याच्या आधी नेमकी थांबतेय.

"कुत्रे लावू," ते म्हणाले. म्हणजे कुत्र्यांचं भुंकणं असलेलं कार्ड.

"लावा. दुसरा भोंगा आणा अन् तिकडच्या बांधावर लावा. हा इथीच राहीन."

हरभरा निघाला, तसा भोंगा घरी आला आणि चुलीजवळच्या खुंटीला लागला. गावात बोलणं सुरू झालं. "काय वं गोजरबाई, घरात थ्रेशर बसवलं का?" ती म्हणायची, "हाव. गहू घेऊन ये, काढून देतो." पाव्हणे आले की चहाआधी त्यांना एक गाणं ऐकावं लागायचं. ऐकून झालं की परीक्षा. "मधात एक जण घुमते, तो आयकू आला का?" नाही म्हणणाऱ्याला पुन्हा ऐकावं लागायचं. तिच्या नणंदेनं तर पायरीवरूनच सांगायला सुरुवात केली, "वयनी, घुमणारा आयकला बरं मी, आता पाणी द्या."

त्या गाणाऱ्याचा चेहरा गोजरबाईनं पहिल्यांदा रेवतीच्या फोनवर पाहिला. देवेश त्याचं नाव. काडीसारखा पोरगा, खांद्यावर केस, एका कानात बाळी.

"जेवते का हा?"

"आई, तो रॉकस्टार हाये."

"असंन. पण जेवते का?"

आणि मग एका शुक्रवारी रेवतीचा फोन आला. आवाज पडलेला. "आई, उलटा पंखाचे सगळे कार्यक्रम रद्द झाले. देवेशच्या गळ्यात गाठ निघाली. बुधवारी ऑपरेशन हाये. आधीसारखं गाता येईन का नाही, डॉक्टर सांगत नाहीत."

गोजरबाईच्या हातात मेथी होती, ती तशीच राहिली. इतक्या दिवसांत ह्या माणसानं तिच्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, पण तिच्या प्रश्नाला दमलाही नव्हता. भगवंतराव दमले होते, मास्तर दमले होते, सिंधूनं तर विषयच बंद केला होता. हा एकटा रोज नव्यानं ओरडायचा. तो गळा बंद पडणार म्हणजे काय?

ती उठली आणि सिंधूताईला घेऊन वावरातल्या पिंपळाखाली गेली. तिथं मुंजाबा होता, शेंदूर फासलेला. गोजरबाईनं हात जोडले. "मुंजाबा, त्या देवेशचा गळा नीट कर. तुह्या पायाशी रोडगे करीन. वांग्याची भाजी, वरण, तूप, सगळं."

आपल्याकडे रोडग्यांचा नवस म्हणजे काही साधी गोष्ट नाही. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि सगळ्या आळीला पंगतीला बसवायचं. पण सिंधूताईनं मधेच हात वर केला.

"थांब. कोण्या देवेशचा?"

"तो. गाणारा."

"मुंजाबाले काय माहीत कोण गाते? आपल्याच गावात दोन देवेश हायेत. एक तो मोबाईलच्या दुकानातला. त्याचा गळा आताच इतका नीट हाये का सकाळी उठवते सगळ्याईले. अजून नीट झाला त गाव सोडा लागीन. बापाचं नाव सांग, गाव सांग."

"ते कुठी माहीत हाये मले!"

"मंग नवस नाही लागत. माह्या माहेरी एकीनं बबनच्या लग्नाचा नवस बोलला होता, बापाचं नाव नाही घेतलं. खालच्या आळीतल्या बबनचं लग्न झालं. त्याचं आधी एक झालेलं होतं!" सिंधूताईनं निकाल दिला. "अन् आयक, ज्याच्या नावाचा नवस, पयला रोडगा त्यानंच तोडायचा असते. तो कोण ते तं माहीत पायजे."

गोजरबाईनं मुंजाबाला सांगितलं, "अर्धा बोलली असं समज. बाकीचं बुधवारच्या आधी आणून देईन."

ती सातवी शिकलेली होती, फोनवर बोलून लिहायचं रेवतीनं तिला शिकवलं होतं. उलटा पंखाच्या व्हिडिओखाली लोक काहीबाही लिहितात, हेही तिनं पाहिलं होतं. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि देवळात बोलतात तसं सावकाश बोलली. खाली उमटलं, "देवेश बेटा, तुझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि गाव कळव. बुधवारच्या आत कळव. फार महत्त्वाचं काम आहे. गोजरबाई, वरवट बकाल."

अर्ध्या तासात खाली माणसं जमली.

"काकू, स्थळ आणलंय का?"

"काकू, पत्रिका पाहिजे की नुसतं गोत्र चालेल?"

"मुलगी काय करते काकू?"

"देवेश भावा, हो म्हण. बुधवारपर्यंतच ऑफर आहे!"

"तो नाही म्हणाला तर मी आहे काकू. स्वतःची बुलेट आहे."

गोजरबाईला भरून आलं. जगात आपल्यासारखी चौकशी करणारी इतकी माणसं आहेत, हे तिला ठाऊकच नव्हतं. विचारलेल्याला उत्तर न देणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येकाला उत्तर दिलं. मुलीचं नाव रेवती. अकोल्याला नर्स आहे. उंची चांगली, जाळी काढायला स्टूल लागत नाही. गोत्र घरी विचारून सांगते. बुलेट कितीचं अ‍ॅव्हरेज देते?

रात्रीच्या जेवणाआधीच रेवतीचा फोन आला. फोन कसला, स्फोटच.

"आई! तू माह्यासाठी नवरा पाहून राह्यली? अन् तोही थेट देवेश?"

"नवरा कोण पाह्यते वं?"

"मंग हे काय हाये? माह्यी उंची! जाळी! पूर्ण वॉर्ड हसून राह्यला. एक पेशंट, हाताले सलाईन लागलेली, मले म्हणते, सिस्टर, अभिनंदन! मी उद्या ड्यूटीवर जाऊ कशी?"

गोजरबाईनं सगळं सांगितलं, मुंजाबापासून खालच्या आळीतल्या बबनपर्यंत. रेवती ऐकत होती, पण निवळत नव्हती. "आई, फॅन लोक बापाचं नाव नाही विचारत."

"मंग काय विचारतात?"

रेवती कॉलेजपासून उलटा पंखाची फॅन होती. भिंतीवर त्यांचं पोस्टर होतं. तिनं काय विचारलं होतं आजपर्यंत? पुढचा शो कुठे. काळा टी-शर्ट मोठ्या साइजमध्ये मिळेल का. हे तिला आईला सांगावंसं वाटलं नाही. "मले नको फोन करू आता," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

शनिवार गेला. रविवार गेला. व्हिडिओखाली माणसं हजाराच्या घरात गेली, बुलेटवाल्याला दोन प्रतिस्पर्धी आले, पण बापाचं नाव काही कोणी खात्रीनं सांगेना. एकानं सांगितलं तर दुसऱ्यानं दुसरं सांगितलं. गोजरबाई दर तासाला फोन पाहायची आणि मग खिडकीतून पिंपळाच्या दिशेनं पाहायची, जणू तिकडे कोणी ताटकळत बसलं आहे.

"सापडलं?" भगवंतराव विचारायचे. एका दिवसात त्यांनी हे तीनदा विचारलं, त्यावरून घरातली परिस्थिती कळावी.

सोमवारी संध्याकाळी त्या गर्दीत एक नवं लिहिणं आलं. "मी गोजरबाईंची मुलगी रेवती. हे स्थळ नाही. माझ्या आईनं देवेशच्या गळ्यासाठी नवस बोललाय. आमच्याकडे नवसाला पूर्ण नाव लागतं, नाहीतर देव चुकीच्या माणसाला बरं करतो. ऑपरेशनच्या आत तिला नाव हवंय. तुम्ही हसलात, मीही चिडले. पण आपल्यापैकी कोणी त्याच्यासाठी देवाकडे गेलं का?" आणि खाली आपला फोन नंबर.

त्यानंतर हसणारे थांबले. बुलेटवाल्यानं लिहिलं, "सॉरी काकू. अ‍ॅव्हरेज पस्तीस."

मंगळवारी दुपारी गोजरबाईचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

"नमस्कार, गोजरबाई बोलताहेत का? तुमच्या मुलीनं हा नंबर दिला. मी देवेशची आई."

गोजरबाई खाटेवरून उठून उभी राहिली, पदर नीट केला. "बोला ना बाई."

"हे बघा, मी आधीच स्पष्ट सांगते हं. मुलीनं खुलासा केलाय तो मी वाचलाय, तरीपण सांगते. आमच्याकडे दोन वर्षं तरी लग्नाचा विचार नाहीये. आणि आत्ता तर तो..." पलीकडचा चोख, घडी घातलेला आवाज इथे एकदम चुरगळला.

"लग्न राहू द्या बाई. तो जेवते का?"

"नाही हो. दोन दिवस नुसती पेज घेतोय. बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना, तर पाटीवर लिहून दाखवतो. काल लिहिलं, आई, आवाज नाही आला तर मी कोण? आता ह्याचं काय उत्तर देणार मी?"

"ह्याचं उत्तर मलेही नाही देता येणार," गोजरबाई म्हणाली. "पण इचारलं, हे चांगलं केलं त्यानं. इचारणारा माणूस कुठी जात नाही." मग जरा थांबून, "बाई, तेवढं नाव सांगता का? उद्या ऑपरेशन हाये, मुंजाबाले आजच सांगा लागीन."

"सांगते. पण एक अडचण आहे." देवेशच्या आईनं आवाज खाली आणला. "देवेश हे त्याचं नाव नाहीच मुळी. ते बँडसाठी घेतलंय. खरं नाव त्याच्या पणजोबांचं. शाळेत पोरं चिडवायची, म्हणून त्यानं... कोणाला सांगू नका हं. घराबाहेर काढेल मला."

तिनं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, गाव सांगितलं, तालुकाही सांगितला. गोजरबाईनं दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं भरगच्च, जुन्या वळणाचं नाव होतं. असं नाव हाक मारताच मुंजाबा वळून पाहील.

"बाई, मी अर्ध्या नवसावर बसली असती त हा कोणता देवेश बरा झाला असता, सांगा!"

पलीकडून पहिल्यांदा हसू आलं. "आम्ही तिकडचे नाही पण. तुमच्या मुंजाबाला चालेल ना?"

"त्याले काय एसटीनं जा लागते?"

ऊन उतरायच्या आत दोघी पिंपळाखाली होत्या. गोजरबाईनं सिंधूताईला पार बांधापलीकडे उभं केलं. "कानात बोटं घाल."

"काऊन? मीच तं सांगितलं बापाचं नाव लागते म्हून!"

"तुले सांगितलं म्हंजे भोंग्याले सांगितलं. घाल बोटं."

सिंधूताईनं बोटं घातली, पण एक सैल ठेवलं. गोजरबाईनं ते पाहिलं आणि मुंजाबाच्या इतकं जवळ तोंड नेलं की नाकाला शेंदूर लागला. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. मग हात जोडून म्हणाली, "एवढाच एक हाये. दुसऱ्याले जाऊ नको देऊ."

ते नाव तिनं पुढेही कोणाला सांगितलं नाही. रेवतीनं फोनवर हात जोडले, शपथा घातल्या. "आई, मी त्याची सात वर्षांची फॅन हाये!" गोजरबाई म्हणायची, "मंग सात वर्षांत तूच काऊन नाही इचारलं?"

बुधवारी ऑपरेशन झालं. नीट झालं, एवढं त्याच्या आईनं कळवलं. पुढचं कळायला वेळ लागणार होता. तोवर त्याला तोंडातून शब्द काढायला बंदी होती, आणि गोजरबाईनंही भोंगा बंद ठेवला. घर एकदम मोठं वाटायला लागलं. गल्लीतलीच एक बाई येऊन विचारून गेली, "थ्रेशर बिघडलं का?" एके दिवशी भगवंतराव जेवता जेवता म्हणाले, "लाव की."

"त्याचा गळा बंद हाये, अन् मी त्याले ओरडाले लावू?"

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले आणि न्हाणीतून पाण्याच्या आवाजाबरोबर काहीतरी ऐकू यायला लागलं, हम्म्म्-हम्म्म्, हम्म्म्-हम्म्म्. गोजरबाई चुलीपाशी थांबून ऐकत राहिली. इतक्या दिवसांत ह्या माणसानं गाणाऱ्याला नाही, पलंगवाल्याला नाही, नेमकं मोटारवाल्याला ऐकलं होतं. काऊन? हा प्रश्न मात्र तिनं विचारला नाही. विचारला असता तर ते थांबले असते.

होळी झाली आणि एका दुपारी फोन आला. रेवती सुट्टीवर आलेली होती, सिंधूताई वाल सोलायला बसली होती.

"गोजरबाई, तो इथेच माझ्याजवळ बसलाय," देवेशची आई म्हणाली. "बोलायला अजून आठवडाभर बंदी आहे. पण तो म्हणाला, म्हणजे लिहून, की त्यांना फोन लाव, त्या बोलू देत, मी ऐकतो."

रेवतीच्या हातातली शेंग खाली पडली. तिनं स्पीकरचं बटण दाबलं.

"बोलू नको रे बाप्पा!" गोजरबाई फोनमध्ये ओरडली. "आयक. मी इचारीन, तू फोनवर बोट वाजव. एकदा वाजवलं त हाव. दोनदा वाजवलं त नाही. समजलं?"

टक.

रेवतीनं तोंडावर हात धरला. सात वर्षं ऐकलेला माणूस, आणि त्याचं हे पहिलं उत्तर.

"दुखते का?"

टकटक.

"जेवून राह्यला का?"

टक. मग पाठोपाठ, टक. मधे आईचा आवाज, "खोटं बोलू नकोस!" आणि पुन्हा एक ठसठशीत टक.

"डॉक्टर काय म्हणते? गळा येईन?"

इकडे सिंधूताईचे हात थांबले. दारात भगवंतराव येऊन उभे राहिले होते. फोनमधून कुठल्याशा घरातला पंखा फिरताना तेवढा ऐकू येत होता.

टक.

गोजरबाईनं श्वास सोडला. "पयल्यासारखा?"

हळूच, टक... आणि तितकंच हळू, टक.

रेवतीचे डोळे भरले. सिंधूताईनं मान हलवली आणि कुजबुजली, "घे. पयल्यासारखा नाही म्हणते. मंग नवस कसा फिटला? रोडगे नाही लागत."

"मी मुंजाबाले नीट कर म्हटलं. होता तसाच कर म्हून कुठी म्हटलं?" गोजरबाई तिच्यावर वळली. "रोडगे लागतात. येशीन ना रे? तुह्या हातानं पयला तोडा लागते."

टक. ही मात्र लगेच आली.

"तिखट चालते?"

टकटक.

"पाहू. मंग मले सांग, पयल्यासारखा नाही, त कसा येईन?"

तो बिचारा काय वाजवणार? गोजरबाईच्याही ते ध्यानात आलं आणि ती हसली. मग खाटेवर मांडी घालून नीट बसली, फोन मांडीवर घेतला आणि वालाच्या शेंगांची सुपली बाजूला सारली.

"बरं, मी एक एक इचारतो. जाड येईन का बारीक? थांब, असं नाही जमत. जाड येईन?"

टकटक.

"बारीक?"

टकटक.

"जाडही नाही अन् बारीकही नाही!" तिनं डोळे मोठे करून सगळ्यांकडे पाहिलं. "अवो, जवळ या इकडं. आयका तं खरं. बेटा, लहान लेकराले निजवतात तसा येईन का?"

पलीकडे तो विचार करत होता.